आक्काला कळवायचं राहिलं

सकाळपासून चार वेळा उठले आणि चार वेळा बसले. लिहायला घेतलं की वाटतं बेल वाजली, दूध ओतू चाललं, गच्चीवर कपडे राहिले. जाऊन बघावं तर काही नसतं. दूध कधीच तापून निवलेलं असतं. गेल्या हिवाळ्यापासून माझं बूड असं एका जागी टेकत नाही. सून म्हणते, आई, डॉक्टरला दाखवू. डॉक्टर काय करणार बाई याला? तरी आज लिहितेच. वाकडंतिकडं झालं तर सांभाळून घ्या, मी शाळेची पायरी चढलेली बाई नाही.

लग्न होऊन पारोळ्याला आले तेव्हा मला सहीसुद्धा येत नव्हती. आमचे हे तिथं कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते. पोरगा पहिलीत गेला आणि त्याच्या पाटीवर मी त्याच्याबरोबर शिकले. तो वरच्या वर्गात गेला की त्याची मागच्या वर्षीची पुस्तकं माझी. असं करत करत वाचायला यायला लागलं, आणि अक्षर निघालं मोत्यासारखं. कसं निघालं देव जाणे. गल्लीला कळायला वेळ लागला नाही. मग काय, जो तो पोस्टकार्ड घेऊन आमच्या ओट्यावर. "वहिनी, दोन ओळी लिही व." पोरीला बाळ झालं, लिही. म्हैस व्याली, तेही लिही. आणि कुणी गेलं, तर तेही मीच लिहायची.

त्या कार्डाची रीत वेगळी असायची, हल्लीच्या पोरांना माहीत नाही म्हणून सांगते. वर श्री लिहायचं नाही. लिहून झालं की एक कोपरा फाडायचा, म्हणजे घेणाऱ्याला हातात घेतानाच कळावं. पोस्टमन ते कार्ड दारात येऊन देत नसे, ओट्याखालूनच हाक मारायचा. घरातलं माणूस बाहेर येऊन, उभ्यानं वाचायचं आणि तिथंच फाडून टाकायचं. कार्ड उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही. आत आलं की मरण घरात आलं असं मानायचे. खरं-खोटं राहू द्या, पण तेवढा वेळ माणूस दाराबाहेर उभं राहायचं, ते मला बरं वाटायचं. आता ती बातमी कुठं येते? भाकरी थापत असताना, ओट्याशेजारी ठेवलेल्या मोबाइलमध्ये, गुलाबाच्या फुलाचा शुभ सकाळ आणि कुणाच्या तरी नातवाचा केक यांच्या मधोमध. पिठाच्या बोटानं आपण तिला वर सरकवतो.

कार्डं जायची ती गंधमुक्तीची, म्हणजे तेराव्याच्या कार्याची. पण अंत्यविधीला कार्ड कसं पुरणार? त्याला माणूसच धाडावा लागे. त्यासाठी माझी एक वही होती. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. नातेवाइकांचे पत्ते, पण आडनावावरून लावलेले नाहीत. वाटेवरून लावलेले. एक पान धुळ्याच्या वाटेचं, एक अमळनेरच्या, एक नरडाण्याच्या, मागचं बोदवडकडचं, तिकडं माझं माहेर. घरात कुणी गेलं की वही उघडायची आणि वाटेमागं एक माणूस सोडायचा. कुणी मोटारसायकलवर, कुणी एसटीनं. तो पहिल्या गावात पहिल्या घरी सांगायचा आणि तिथून पुढच्या गावाचं त्या घरानं बघायचं. संध्याकाळी माणूस परत आला की मी त्याला विचारायची, "कोणाला सांगितलं? काय म्हणाले?" तो नाव घ्यायचा, मी त्या नावावर बोट ठेवायची. सगळ्या वाटांवर बोट फिरल्याशिवाय मला घोट घशाखाली जात नसे. हे हसायचे, "तुला माणूस गेल्याचं दुःख कमी, वही पुरी करायची काळजी जास्त."

नरडाण्याच्या वाटेच्या पानावर सगळ्यात वर आक्का होती. आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद. ह्यांच्यापेक्षा नऊ-दहा वर्षांनी मोठी. सासू शेतात जायची तेव्हा आक्कानंच ह्यांना कडेवर घेऊन वाढवलेलं. नरडाणा स्टेशनापासून आत एका गावात तिला दिलेली. तिच्यापुढं वहीत मी लिहिलेलं होतं, मारुतीमागची गल्ली, निंबाखालचा ओटा. आणि शेवटी, फोन नाही.

पाच-सहा वर्षांपूर्वी पारोळ्याचं घर सोडून आम्ही जळगावला मुलाकडे आलो. तिसरा मजला, लिफ्ट. एका सुट्टीत नात माझ्यासमोर वही घेऊन बसली. "आजी, तू नावं सांग, मी सगळे नंबर सेव्ह करते." मला आवडलं, खोटं कशाला बोलू. नात मांडीला मांडी लावून बसली होती, आणि मी एकेक नाव वाचत होते, ती टपाटप बोटं मारत होती. आक्काचं नाव आलं.

"नंबर?"

"तिला कुठला नंबर?"

"मग कसं सेव्ह करू? नंबर टाकल्याशिवाय नाव घेतच नाही ना हा."

"राहू दे मग. तिच्या पोराचा आहे खाली, तो घे."

आठ-दहा जणं अशी राहिली. म्हाताऱ्या बाया, शेतावर राहणारी माणसं. त्यांच्यासाठी कुणीतरी 'खाली' होतंच, मुलगा नाहीतर पुतण्या. दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाला आला, तेव्हा सुनेनं वही हातात धरून मला विचारलं, "ही ठेवायची का?" मीच म्हटलं, दे. सुनेला दोष नाही आणि नातीला तर नाहीच नाही. माझ्या तोंडचे शब्द आहेत ते.

मागच्या हिवाळ्यात हे गेले. सकाळी उठले, आंघोळीचं पाणी ठेव म्हणाले, आणि खुर्चीत बसल्या बसल्या गेले. पाणी तापेपर्यंतसुद्धा थांबले नाहीत. त्या दिवसाचं पुढं मला नीट आठवत नाही, पण एक आठवतं. मुलगा गॅलरीत उभा होता. नात्यातल्या लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, त्यात दोनशेवर माणसं. त्यानं ह्यांचा पासबुकावरचा फोटो काढला, कुणीतरी त्याला फुलांची चौकट करून दिली, खाली वेळ आणि स्मशानाचा पत्ता. झालं. जे करायला आम्हाला चार माणसं आणि अख्खा दिवस लागायचा ते त्यानं अर्ध्या तासात केलं. मी भिंतीला टेकून बघत होते, आणि त्या अवस्थेतही मला वाटून गेलं, पोरगा हुशार निघाला. मग हात जोडायला सुरुवात झाली. त्याच्या खिशात सारखं टिणटिण, टिणटिण. हात जोडलेले, हात जोडलेले. शेवटी त्यानं आवाज बंद केला.

माणसं पुष्कळ जमली. आमच्याकडे नंतर दारावर येतात, म्हणजे सांत्वनाला. बायका गल्लीच्या तोंडापासूनच पदर तोंडावर घेऊन रडत येतात. आता तिसऱ्या मजल्यावर रडत कसं यायचं? लिफ्टमध्ये चढताना गप्प, दार उघडलं की मोठ्यानं सूर. पहिल्या दिवशी शेजारची बाई घाबरून बाहेर आली होती. पण आल्या बिचाऱ्या. आणि जी ती मला विचारायची, "नणंदबाई दिसत नाहीत?"

"गुडघे गेलेत त्यांचे," कुणीतरी माझ्या वतीनं सांगायचं.

दोन दिवस मी ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी मी बोलले. हे लिहिताना माझा हात जड होतो, पण बोलले ते बोलले. म्हटलं, "गुडघ्याचं निमित्त. पाठचा सख्खा भाऊ गेला, माणसाला खाटेवर घालून आणतात अशा वेळी. पोराला तरी धाडायचं." बायकांनी माना डोलावल्या. दशक्रियेला आक्का आली नाही, तेव्हा आणखी चार शब्द जास्त बोलले. दुःखाला कुणावर तरी राग काढायला मिळाला की जरा हलकं वाटतं. मी आक्कावर काढला.

गंधमुक्तीच्या दिवशी आक्काच्या शेजारच्या गावचे एक नातलग आले. सगळे त्यांना आबा म्हणतात. जेवणाची पंगत उठली, आबा हात धुऊन माझ्यासमोर येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, आक्का नही उनी?"

"कशाला येईल?" मी म्हटलं. "तिला कुठं भाऊ होता."

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पुन्हा घातली. म्हणाले, "एक सांगू का? भाऊ गये ना, त्याच रोज आक्काना गावमा एक हळद व्हती. मी बी व्हतू तठे. आक्का पुढे बठीसन गाना म्हनी ऱ्हायनी व्हती."

मला काही कळेना. "कधी?"

"दुपारले. मी ग्रुपवर सकाळीच दखं व्हतं. माले वाटनं, तिना पोऱ्याले आयेल व्हई, लगनघर शे म्हनीसन सांगं नसीन. सांजले सांगीन. दुसरा दोन-चार जनसनी बी दखं व्हतं. आम्ही एकमेकांकडे पाह्यलं, पण तिच्या तोंडावर कोण सांगणार? ज्याचं त्यानं सांगावं." आबा बोलता बोलता अहिराणीतून शुद्ध मराठीत आले, साक्ष द्यायला उभे राहिल्यासारखे.

मुलगा तिथंच पाण्याचे ग्लास उचलत होता. त्यानं ते खाली ठेवले, मोबाइल काढला, ग्रुपमध्ये आक्काच्या मुलाचं नाव शोधलं. नाव होतं. नंबर कधीचा बंद. त्या पोरानं दुसरं सिम घेतलं होतं आणि ग्रुपात त्याला कुणी पुन्हा घेतलंच नव्हतं. दोनशे माणसांनी हात जोडले, त्यात एक जोडी कमी आहे हे कुणाला दिसणार?

आबांकडून नवा नंबर घेऊन मुलानं तिथंच फोन लावला. मी म्हणत होते, थांब, थांब, असं नाही सांगायचं. त्यानं सांगून टाकलं. पलीकडून भाच्याचा आवाज मला लांबून ऐकू आला, "मामा गये? कवय?" एवढं मोठ्यानं. मग तो म्हणाला, "आई इथंच ओट्यावर बसली आहे. तिनं ऐकलं."

त्या दिवसानंतर मला घरात बसवेना. उठावं, गॅलरीत जावं, परत यावं. सून म्हणायची, बसा हो आई जरा. बसलं की डोक्यात तेच. इथं ह्यांना उचललं तेव्हा तिथं आक्का गाणी म्हणत होती. आक्काचा आवाज खणखणीत, गावात कुणाची हळद तिच्याशिवाय होत नाही. दशक्रियेच्या दिवशी ती काय करत असेल? तूर सोलत असेल. आणि मी इथं चार बायकांत बसून तिला काय काय बोलत होते.

दुसऱ्या दिवशी मुलगा म्हणाला, "व्हिडिओ कॉल लावतो. तुझं तोंड दिसलं की आत्याला बरं वाटेल. तूच बोल." भाच्याला फोन लावला. पडद्यावर आधी निंबाचं झाड आलं, मग भिंत, मग आक्काच्या डोक्यावरचा पदर. भाचा म्हणत होता, "आई, मामी शे, दख." आक्कानं मान वर केली नाही. मी म्हटलं, "आक्का..." तेवढ्यात एक हात आला आणि पडदा काळा झाला. खरखरीत काहीतरी आवाज. नंतर भाच्यानं सांगितलं, समोर सुपात तुरीच्या शेंगा होत्या, त्यात तिनं मोबाइल पालथा घातला आणि वरून मूठभर शेंगा टाकल्या.

"राग गेला की बोलेल," मुलगा म्हणाला.

"मी जाते," मी म्हटलं.

यावर घरात जे झालं ते काय सांगू. नवरा गेलेल्या बाईनं सव्वा महिना घराबाहेर पडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. लोक तिच्या दारावर येतात, ती कुणाच्या दारी जात नाही. माझी जाऊ अजून मुक्कामाला होती. ती म्हणाली, "लोक काय म्हणतील? उलटं दार कुणी केलंय का कधी?" सून म्हणाली, एवढे दिवस जाऊ द्या, मग गाडी करून जाऊ. त्या दोघींचं चूक नव्हतं. पण सव्वा महिना थांबले असते तर मी वेडी झाले असते. दारावर जायचे वारही ठरलेले असतात, आणि दुसऱ्या दिवशी होता तो वार आमच्यात चालत नाही. मी म्हटलं, मला चालतो.

मुलगा माझ्यासोबत निघाला. सकाळची सुरतेकडे जाणारी पॅसेंजर. डब्यात कापसाच्या गोष्टी, अमळनेरच्या बाजाराच्या गोष्टी. मला खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर काही दिसलं असेल तर शपथ. दर पाच मिनिटांनी मी विचारायची, "कुठं आलो?" आणि मुलगा मोबाइलमध्ये बघून सांगायचा, "धरणगाव यायचंय." समोरचा एक म्हातारा खिडकीतून नुसतं बघून म्हणाला, "धरणगाव गेलं की, ताई." मुलगा म्हणाला, "नेट नाही इथं." म्हातारा हसला. मला हसू आलं नाही. मला एवढंच दिसत होतं, की आक्का दार लावून घेईल. लावून घेतलं तर मी काय करणार? ओट्यावर बसणार. किती वेळ? परतीची गाडी संध्याकाळी होती.

नरडाण्याला उतरून रिक्षा केली. गावात शिरताना मी पदर तोंडावर ओढला, कारण दारावर जाताना ओढायचा असतो. पण सूर काही निघेना. मी कोणासाठी रडत जाणार होते? माझ्याच नवऱ्यासाठी, तिच्या दारी? गल्लीतल्या बायका दारात आल्या. एकमेकींना खुणावत होत्या. नुकताच नवरा गेलेली बाई रिक्षातून उतरून चालत येते आहे, असं त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

आक्का ओट्यावरच होती. भिंतीकडे तोंड करून बसलेली, पाठ गल्लीकडे. तिची सून दारात उभी होती, मला बघून ती पटकन आत पाण्याला वळली.

"पानी दिऊ नको," आक्का म्हणाली. मागं न बघता. "कोन शे?"

"मी आहे, आक्का."

"मी कोन?"

"जळगावची."

"जळगावले त बठ्ठासकडे मोबाइल शेतस. मंग पायी काबरं उनी?"

मुलाला राहवलं नाही. तो पुढं झाला. "आत्या, चूक झाली. पण मी ग्रुपवर सगळ्यांना सांगितलं होतं, त्याच सकाळी. दादाचा नंबर..."

आक्का वळली. तिचं तोंड बघून मी हादरले. रडलेलं तोंड नव्हतं ते. कोरडं ठणठणीत होतं, डोळे ताणलेले.

"कोनता ग्रुप? मी शे का त्यामा?"

"नाही, पण दादा..."

"मी तुले इचारी ऱ्हायनू. मी शे का?"

"नाही, आत्या."

"मंग बठ्ठासले सांगं म्हनी नको. माले सोडीसन बठ्ठासले सांगं, आसं म्हन."

मुलाला आता पन्नाशी लागली आहे, केस पिकलेत, पण त्या वेळी तो मला पाटी फुटलेल्या पोरासारखा दिसला. तो बाजूला जाऊन भाच्याशेजारी निंबाच्या पारावर बसला.

मी ओट्याच्या खालीच उभी. आक्का माझ्याकडे बघून म्हणाली, "तुले माहीत शे, मी त्या रोज काय करी ऱ्हायनू व्हतू?"

"माहीत आहे."

"आबानी सांगं आसीन. पन त्यानी पुरं नही सांगं. डोकामा फूल लायेल व्हतं मी. म्हातारी बाई, आनि फूल. पोरी म्हनन्यात, आक्का, लाय. मी लावं. हळदना गाना म्हनात, पातळभर हळद खेळनू, गोड खादं. तठे मना भाऊ जळी ऱ्हायना व्हता आनि आठे मी शिरा खाई ऱ्हायनू व्हतू." तिचा आवाज चढला नाही. गहू निवडताना खडे सांगावेत तसं एकेक सांगत होती. "आनि तू तठे बायकासमा काय बोलनी, ते बी आयकं मी."

म्हणजे तेही पोचलं होतं. जे सांगायचं ते पोचलं नाही, आणि हे बरोबर पोचलं.

"बोलले," मी म्हटलं. "तुम्ही आला नाहीत म्हणून बोलले. मला वाटलं, तुम्हाला कळलंय."

"तुना हातनी वही व्हती ना?"

"होती. मीच रद्दीत दिली."

आक्काची सून आतून दाराशी आली आणि माझ्याजवळ वाकून, शहरी मराठीत, हळू आवाजात म्हणाली, "मामी, आई अजून रडल्याच नाहीत. सुतकाची आंघोळसुद्धा केली नाही. म्हणतात, मला कुणी सांगितलं नाही, मी कशाची आंघोळ करू? फोनवर ऐकलेलं मी धरत नाही म्हणतात. जेवणही धड नाही. तुम्ही बघा काही."

आक्कानं ते ऐकलं असावं. ती ओट्याच्या कडेपर्यंत सरकली, दोन्ही पाय खाली सोडले, पदर नीट घेतला. पाहुणा आला की घरातलं मोठं माणूस बसतं तशी बसली. आणि मला विचारलं,

"मना भाऊ कसा शे?"

आधी वाटलं, हिचं डोकं फिरलं. मग तिच्या डोळ्यांत बघितलं आणि कळलं, ती अगदी शुद्धीवर आहे. ती मला माझं काम करायला लावत होती. आणि ते काम मी कधी केलंच नव्हतं. इतकी वर्षं कार्डं लिहिली, माणसं वाटेला लावली, परत आल्यावर त्यांना विचारलं, पण कुणाच्या दारासमोर उभं राहून तोंडानं सांगणं माझ्यावर कधी आलं नव्हतं. हे गेल्यावरसुद्धा नाही. मुलानं सांगितलं, ग्रुपनं सांगितलं, गुरुजींनी सांगितलं. 'ते गेले' हे दोन शब्द माझ्या तोंडून त्या दिवसापर्यंत एकदाही बाहेर पडले नव्हते. हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

"सांग ना व. कसा शे?"

"आक्का," मी म्हटलं, "ते गेले."

"कवय?"

"सकाळी. साडेसातच्या सुमारास."

"काय व्हयनं त्याले?"

"काही झालं नाही. उठले, दात घासले. मोजा सापडेना म्हणून माझ्यावर ओरडले. म्हणाले, एकच मोजा कसा धुतेस तू? मी म्हटलं, दुसरा तुमच्याच पायात आहे. बघितलं तर होता."

आक्काच्या तोंडावरचं काहीतरी हललं. "ल्हानपनपासीन तसाच," ती म्हणाली. "मंग?"

"मग खुर्चीत बसले. म्हणाले, पाणी ठेव आंघोळीला. मी ठेवलं. हाक मारली, पाणी झालं म्हणून. ओ आली नाही. मला वाटलं, रुसले मोज्यावरून. मी दुसऱ्यांदा हाक मारली नाही, आक्का. मी भाजी चिरत बसले. दहा मिनिटं तरी चिरत बसले मी."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलालाही नाही. पारावरून त्यानं मान वर केल्याचं मला दिसलं. आता मला थांबता येईना. खुर्चीत कसे होते, मान कुठल्या बाजूला, हात कुठं, सगळं सांगितलं. आक्का मधे मधे विचारत होती, त्याना डोया उघडा व्हतात का? पानी कोनी पाजं? आग कोनी दिनी? मी सांगत होते. एकही गोष्ट सोडली नाही.

माझं सांगून संपलं तसा आक्काच्या छातीतून आधी एक नुसता श्वास निघाला, आणि मग सूर. "मना भाऊ रेऽऽ" गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. कडेवर घेतलेलं, न्हाऊ घातलेलं, चिंचेच्या झाडावरून उतरवलेलं, सगळं ती त्या सुरात घालत गेली. मी ओट्यावर चढून तिला धरलं आणि मग माझाही आवाज फुटला. इतके दिवस घरी येणाऱ्या बायका माझ्यासमोर रडून गेल्या होत्या, आणि मी त्यांचे पाण्याचे ग्लास मोजत बसायची. गल्लीतल्या बायका एकेक करून जवळ आल्या, पदर ओढून बसल्या. कुणी विचारलं नाही, कुणाचं दार आणि कोण दारावर आलंय.

बऱ्याच वेळानं आक्कानं माझा हात बाजूला केला. उठायला लागली तर गुडघे साथ देईनात. सुनेला म्हणाली, "पानी काढ. मी आंग धवस."

मागच्या अंगणात दगडावर ती लुगड्यासकट बसली. सून बादली घेऊन आली. मी तिच्या हातातून तांब्या घेतला, म्हटलं, मी घालते. थंडीचे दिवस, उन्हं अजून मागच्या भिंतीवरच होती. मी पहिला तांब्या तिच्या डोक्यावर ओतला. पांढरे केस कपाळाला चिकटले. ती शहारली, दात वाजले.

"इतलं थंडं?" ती म्हणाली. "इतला वरीस व्हयनात लगनले, आनि तुले आजून पानी तापाडता येत नही."

"तुमच्या सुनेनं तापवलंय, आक्का."

"तिले मी पाहीन. तू घाल."

मी दुसरा तांब्या भरला.